तीन अटी आणि एक सिंहासन: गुडनाऊंच्या टिपणाचं प्रकरण

लोकप्रशासनाच्या आपल्या पाठ्यपुस्तकांत फ्रँक गुडनाऊ एका परिच्छेदात आटोपतात. १८८७ सालचा वुड्रो विल्सन यांचा निबंध, १९०० सालचं गुडनाऊंचं 'पॉलिटिक्स अँड अ‍ॅडमिनिस्ट्रेशन', राजकारण-प्रशासन द्विभाजन, जोडीला 'अमेरिकन लोकप्रशासनाचे जनक' हे बिरुद, आणि लगेच पुढचा टप्पा सुरू. स्पर्धा परीक्षेची मुलं ही ओळ घोकतात. मीही घोकली होती. पण याच माणसाने १९१५ च्या उन्हाळ्यात चीनच्या राजधानीत, पेकिंगमध्ये (आजचं बीजिंग), एक टिपण लिहिलं आणि ते हातात धरून एका प्रजासत्ताकाचा राष्ट्राध्यक्ष सम्राट व्हायला निघाला, हे कुठल्याच पुस्तकात भेटलं नाही. माझ्या मते गुडनाऊंकडून शिकण्यासारखं सगळ्यात मोलाचं जे आहे, ते त्यांच्या पुस्तकात कमी आणि या प्रकरणात जास्त आहे. म्हणून ते सविस्तर मांडतो.

माणूस कोण होता

जन्म १८५९, ब्रुकलिन. अ‍ॅम्हर्स्टमधून पदवी, कोलंबियातून कायदा, मग पॅरिस आणि बर्लिनमध्ये शिक्षण. परत आल्यावर कोलंबियातच प्रशासकीय कायदा शिकवायला लागले. त्या काळात इंग्लंड-अमेरिकेतल्या वकिलांची पक्की समजूत होती की प्रशासकीय कायदा ही फ्रेंचांची भानगड आहे, आपल्याकडे तसलं काही नसतं. गुडनाऊंनी १८९३ मध्ये अमेरिका, इंग्लंड, फ्रान्स आणि जर्मनी या चार देशांच्या कारभाराची तुलना करणारा दोन खंडांचा ग्रंथ काढला आणि दाखवून दिलं की सरकारी कचेऱ्या आहेत तिथे त्यांचा कायदाही असतोच, कोणी नाव देवो अथवा न देवो.

१९०० च्या पुस्तकातली मांडणी आपल्याला ठाऊक आहे: राजकारण म्हणजे राज्याची इच्छा व्यक्त होणं, प्रशासन म्हणजे ती इच्छा अमलात येणं. गाइडमध्ये यापुढचं वाक्य गळतं. ही दोन कामं दोन वेगळ्या खात्यांना पूर्णपणे वाटून देता येत नाहीत, ती एकमेकांत मिसळतातच, हेही गुडनाऊंनीच लिहिलं आहे. पुढच्या गोष्टीसाठी हे ध्यानात असू द्या. ज्याला हे कळत होतं, त्याच्याच हातून पुढचं घडलं.

१९०३ मध्ये अमेरिकन पॉलिटिकल सायन्स असोसिएशन स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष गुडनाऊ. पुढे राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी काटकसर आणि कार्यक्षमतेसाठी आयोग नेमला, त्यावर गुडनाऊ सदस्य. तोवर अमेरिकेच्या केंद्र सरकारला एकसंध अर्थसंकल्पच नव्हता. प्रत्येक खातं आपापली मागणी थेट काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेपुढे, ठेवायचं. आयोगाने १९१२ मध्ये राष्ट्रीय अर्थसंकल्पाची शिफारस केली. काँग्रेसला ती रुचली नाही. राष्ट्राध्यक्षाच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या जातील ही धास्ती होती. टाफ्ट यांनी हट्टाने नमुन्यादाखल अर्थसंकल्प पाठवला, काँग्रेसने तो बाजूला ठेवला. शिफारस कायद्यात उतरली ती १९२१ मध्ये. म्हणजे मायदेशात गुडनाऊंचा सल्ला नऊ वर्षं धूळ खात पडला. एरवी याला आपण वाया गेलेला अहवाल म्हणू. मला त्यात दुसरंच काही दिसतं, त्याकडे पुढे वळतो.

पेकिंगची नेमणूक

१९११ च्या क्रांतीनंतर चीनमध्ये राजेशाही गेली, १९१२ मध्ये प्रजासत्ताक आलं. राष्ट्राध्यक्षपद गेलं युआन शिकाई या जुन्या राजवटीतल्या सेनापतीकडे, कारण फौज त्याच्याकडे होती. नव्या सरकारला राज्यघटनेसाठी परदेशी जाणकार हवा होता. कार्नेगी शांतता प्रतिष्ठानच्या मध्यस्थीने गुडनाऊंचं नाव पुढे आलं आणि मे १९१३ मध्ये ते पेकिंगला पोचले.

जाता जाता एक नोंद. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलै १९१३ मध्ये, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन एक तरुण कोलंबियात दाखल झाला: भीमराव आंबेडकर. गुडनाऊ जिथून निघाले तिथेच बाबासाहेब आले. दोघांची गाठ तिथे पडायची राहिली. बाबासाहेबांनी १९१५ मध्ये एम.ए.साठी लिहिलेला प्रबंधही कारभाराचाच होता, ईस्ट इंडिया कंपनीचं प्रशासन आणि वित्तव्यवस्था यांवरचा. हा धागा पुढे पुन्हा हाती घ्यायचा आहे.

गुडनाऊ पोचले तेव्हा वातावरण पेटलेलं होतं. निवडणूक जिंकलेल्या कुओमिंतांग पक्षाचे नेते सुंग ज्याओरेन यांना मार्च महिन्यात शांघायच्या रेल्वे स्थानकावर गोळ्या घालण्यात आल्या होत्या, आणि बोट युआनच्या माणसांकडे दाखवलं जात होतं. संसदेला राष्ट्राध्यक्षावर लगाम हवा होता. त्या शरदात पेकिंगमधल्या स्वर्गमंदिरात, सम्राटांच्या पूजास्थानात, बसून तयार झालेल्या घटनेच्या मसुद्यात तो लगाम होता. गुडनाऊंना तो मसुदा पटला नाही. एवढा अफाट देश, तिजोरी रिकामी, प्रांताप्रांतांत फौजा. अशा वेळी कार्यकारी सत्ता भक्कम हवी, असं त्यांचं म्हणणं. युक्तिवाद म्हणून यात चूक नाही. अमेरिकेत टाफ्ट यांच्यासाठी त्यांनी जवळपास हेच मांडलं होतं. पण नोव्हेंबर १९१३ मध्ये युआनने कुओमिंतांगवर बंदी घातली, जानेवारी १९१४ मध्ये संसदच बरखास्त केली, मे १९१४ मध्ये राष्ट्राध्यक्षाच्या हाती जवळजवळ सगळं देणारा घटनात्मक करार जारी झाला. आणि गुडनाऊंनी त्याचंही समर्थन केलं. माझ्या दृष्टीने घसरण सुरू झाली ती इथे, पुढच्या वर्षी नव्हे. भक्कम कार्यकारी सत्ता मागणं वेगळं आणि तिच्याकडे हिशेब मागणारं सभागृह मोडल्यावर गप्प बसणं वेगळं.

१९१४ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचं अध्यक्षपद मिळाल्याने गुडनाऊ परतले. सल्लागार म्हणून संबंध मात्र टिकला.

सोन्याची पेटी

त्यांच्या पाठीमागे पेकिंगमध्ये दोन गोष्टी घडल्या. डिसेंबर १९१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष निवडीचा कायदा बदलला. मुदत दहा वर्षं, पुन्हा मिळण्याची सोय. वारसाची सोय अशी: राष्ट्राध्यक्षाने तीन नावं स्वतः लिहायची, ती सोन्याच्या पेटीत घालायची आणि पेटी दगडी खोलीत ठेवायची. तो गेल्यावर पेटी उघडायची. आत कोणाची नावं आहेत हे लिहिणाऱ्याशिवाय कोणाला माहीत नसायचं.

त्याच महिन्यात, २३ डिसेंबरला, युआन चिलखती मोटारीतून स्वर्गमंदिरात गेला आणि त्याने हिवाळी अयनाची पूजा केली. शतकानुशतकं ही पूजा फक्त सम्राट करत आला होता. पेकिंगमधल्या ज्याला डोळे होते त्याला एवढं पुरेसं होतं.

टिपण

१९१५ च्या उन्हाळ्यात गुडनाऊ काही आठवड्यांसाठी परत पेकिंगला आले. युआनच्या कचेरीतून विचारणा झाली: राजेशाही आणि प्रजासत्ताक, चीनला दोन्हींपैकी काय मानवेल, यावर राष्ट्राध्यक्षांच्या माहितीसाठी एक टिपण द्यावं. गुडनाऊंनी दिलं.

त्याचा गाभा असा. कुठल्याही देशाची राज्यपद्धती लोक बसून निवडतात असं सहसा होत नाही. इतिहास, रूढी, समाजाची आणि अर्थव्यवहाराची स्थिती यांतून ती ठरते. सगळ्यात नाजूक प्रश्न सत्तांतराचा. राजेशाही मोडून सत्तेवर आलेला क्रॉमवेल होता तोवर इंग्लंडचं प्रजासत्ताक उभं राहिलं, तो गेल्यावर मुलाला ते पेललं नाही आणि १६६० मध्ये राजा परत आला. मेक्सिकोत हुकूमशहा डियाझची पकड सुटली आणि देश यादवीत कोसळला. चीनमध्ये शाळा कमी, लोकांना राज्यकारभारात भाग घेण्याची सवय नाही, आणि चार वर्षांपूर्वी एकदम प्रजासत्ताकावर घेतलेली उडी फार मोठी होती. तेव्हा चीनला प्रजासत्ताकापेक्षा राजेशाही अधिक मानवेल यात शंका नाही.

त्यानंतर अटी. बदल करायचाच तर तीन गोष्टी हव्यात: जनतेचा किंवा परकीय सत्तांचा जोरदार विरोध नको, वारसाहक्काचा कायदा स्पष्ट आणि पक्का हवा, आणि राजेशाहीतही घटनात्मक राज्याची वाढ होईल अशी तजवीज हवी. या अटी पुऱ्या होतात की नाही हे मी सांगू शकत नाही, ते इथल्या जाणत्यांनी ठरवावं, असा एकूण सूर.

ज्याने कधी सरकारी कचेरीत टिपणी लिहिली असेल त्याला हा साचा ओळखीचा वाटेल. वर निष्कर्ष, खाली 'तथापि'. लिहिणाऱ्याला वाटतं की 'तथापि'खालच्या ओळींनी आपण सुरक्षित झालो. फाईल ज्याच्या टेबलावर जाते तो निष्कर्षाखाली रेघ ओढतो.

ऑगस्टच्या सुरुवातीला युआनच्या बाजूच्या एका पेकिंग दैनिकात टिपणाचा चिनी अनुवाद झळकला. गुडनाऊंना चिनी येत नव्हती. महिन्याच्या मध्यावर युआनचा समर्थक यांग दू आणि त्याच्या सोबत्यांनी 'शांतता नियोजन मंडळ' काढलं आणि जाहीरनाम्यात सांगितलं की अमेरिकेचे थोर राज्यशास्त्रज्ञ डॉ. गुडनाऊसुद्धा म्हणतात, राजेशाही प्रजासत्ताकाहून चांगली. प्रजासत्ताकात जन्मलेला माणूस हे म्हणतो, मग आणखी काय पुरावा हवा? 'चीनपुरतं' हे बंधन उडालं, अटी उडाल्या, उरलं ते नाव आणि एक वाक्य. आपण राजेशाहीची शिफारस केलेली नाही, असा खुलासा गुडनाऊंनी केला. तोवर बाण सुटला होता.

चिनी उत्तर

या प्रकरणात मला सगळ्यात जवळचा वाटणारा माणूस लियांग चिचाओ. ते कसलेले पत्रकार आणि विचारवंत, आणि महत्त्वाचं म्हणजे क्रांतीपूर्वी घटनात्मक राजेशाहीचेच पुरस्कर्ते. युआनच्या सरकारात त्यांनी मंत्रिपदही भूषवलं होतं. तेव्हा ते पाठीशी उभे राहतील असं कोणालाही वाटलं असतं. त्यांनी उलट लेख लिहिला. त्यात ते म्हणतात, गुडनाऊंनी जे सांगितलं ते मी दहा वर्षांपूर्वीच सांगून बसलो आहे. पण माझे डोळे निळे नाहीत आणि दाढी तांबडी नाही, म्हणून देशबांधवांनी ते ऐकण्याजोगं मानलं नसावं. हे वाक्य वाचताना मला दर वेळी चरका बसतो. परदेशी पदवीचा शिक्का लागल्याशिवाय आपलं शहाणपण आपल्याला खरं वाटत नाही, हे दुखणं एकट्या चीनचं नाही.

त्याच लेखात मूर्तीचा दृष्टांत आहे. लाकडाची मूर्ती घडवली, रंगवली, देव्हाऱ्यात बसवली की लोक हात जोडतात. एकदा कोणी ती ओढून पायदळी तुडवली, शौचकूपात फेकली, तर पुन्हा धुऊन देव्हाऱ्यात ठेवता येते, पण पूर्वीचा भाव परत येत नाही. राजेशाही चांगली की वाईट हा वाद बाजूलाच राहतो. ती आता उभी राहणार नाही, एवढंच ते दाखवतात. गुडनाऊंनी देशोदेशीचे दाखले दिले, लियांग यांनी देव्हाऱ्यातली एक मूर्ती दाखवली, आणि माझ्या मते शास्त्र लियांग यांच्याकडे जास्त होतं. कारण ज्या श्रद्धेवर राजेशाही उभी असते ती शिल्लक आहे का, हा प्रश्न टिपणात यायला हवा होता आणि आला नाही.

पुढचं झपाट्याने घडलं. प्रांतोप्रांतीच्या प्रतिनिधींचं मतदान झालं: १,९९३ मतं बाजूने, विरोधात शून्य. सम्राटपद स्वीकारण्याची विनंतीही प्रांतांनी शब्दाला शब्द तीच पाठवली. डिसेंबर १९१५ मध्ये युआनने 'जनतेचा आग्रह' मानला. २५ डिसेंबरला युनान प्रांतात जनरल त्साय अ यांनी बंडाचं निशाण उभारलं. हे त्साय लियांग यांचे जुने विद्यार्थी. १ जानेवारी १९१६ पासून हुंगश्येन हा नवा राजशक सुरू झाला आणि एकेक प्रांत फुटत गेला. २२ मार्चला राजेशाही रद्द झाली. ६ जूनला युआन मरण पावला.

चूक नेमकी कुठे

गुडनाऊंना भाडोत्री म्हणून मोकळं होणं सोपं आहे. ते मला अन्यायाचं वाटतं, आणि त्यातून हाती काही लागतही नाही. त्यांना चीनबद्दल आस्था होती. १९२६ मध्ये त्यांनी चीनवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. टिपण त्यांनी मनापासून लिहिलं होतं.

टिपणातला सत्तांतराचा मुद्दा तर अस्सलच आहे. पण त्याच्याकडे जरा नीट बघा. १९१५ मध्ये चीनचं सत्तांतर अंधारात का होतं? प्रजासत्ताकामुळे नव्हे. प्रजासत्ताकाने निवडणूक दिली होती, संसद दिली होती. संसद युआनने मोडली, निवडणुकीच्या जागी सोन्याची पेटी युआनने आणली. म्हणजे रोग ज्याने लावला तोच वैद्याकडे येऊन विचारत होता की हा रोग प्रजासत्ताकाचा ना? आणि वैद्याने नाडी बघितली, पण दुखणं केव्हापासून हे विचारलं नाही. तिसऱ्या अटीचंही तेच. घटनात्मक राज्याची वाढ होण्याची अट घातली कोणाला? ज्याने दीड वर्षापूर्वी तिची मुळं उपटली त्याला. अट पाळणारा आणि अट पाळली का हे तपासणारा एकच असेल, तर ती अट कागदावरच राहते.

आता वॉशिंग्टनचा धूळ खाल्लेला अहवाल आठवा. तिथे गुडनाऊंचा सल्ला राष्ट्राध्यक्षाला हवा होता आणि काँग्रेसने अडवला. नऊ वर्षं वादावादी झाली, १९२१ च्या कायद्यात अर्थसंकल्प राष्ट्राध्यक्षाकडे गेला, पण हिशेबतपासणीचं स्वतंत्र कार्यालयही त्याच कायद्याने आलं. सल्ला तासला गेला, त्याची धार योग्य जागी बसली. पेकिंगमध्ये अडवणारं कोणी उरलंच नव्हतं. सल्लागार तोच, प्रामाणिकपणा तोच, भक्कम कार्यकारी सत्तेवरचा विश्वासही तोच. तज्ज्ञाला आपला सल्ला अडवणाऱ्यांचा राग येतो. मला वाटतं, गुडनाऊंना आयुष्यभर न कळता ज्यांनी सांभाळलं ते हेच अडवणारे होते.

इथे बाबासाहेबांकडे यायला हवं. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना त्यांच्यापुढे एक आक्षेप होता: प्रशासनाचा एवढा बारीकसारीक तपशील राज्यघटनेत कशाला? त्यांचं उत्तर असं: घटनेचा एक शब्दही न बदलता नुसती प्रशासनाची पद्धत बदलून घटना विकृत करता येते. घटनात्मक नीती ही उपजत भावना नाही, ती जोपासावी लागते. आणि भारताची जमीन मुळात लोकशाहीची नाही, लोकशाही हा तिच्यावरचा वरवरचा थर आहे.

निदान बघा, गुडनाऊंच्या किती जवळचं आहे! जमीन तयार नाही, लोकांना सवय नाही, हे दोघेही म्हणतात. गुडनाऊ त्यावरून म्हणाले, मग जुनं पीकच घ्या. बाबासाहेब म्हणाले, मग बांध घाला, पाणी जपा, तपशील लिहून ठेवा, म्हणजे वरचा थर वाहून जाणार नाही. हा फरक अभ्यासाच्या खोलीचा नाही. त्या जमिनीवर जुन्या पिकाच्या काळात आपली माणसं कशी जगली हे एकाला माहीत होतं, दुसऱ्याने ते चार देशांच्या तुलनेत वाचलं होतं. राजकारण आणि प्रशासन यांच्या सीमेवर गुडनाऊंनी पुस्तक लिहिलं. ती सीमा प्रशासनाच्या बाजूने कशी ओलांडली जाते, याचा बंदोबस्त मात्र बाबासाहेबांनी मसुद्यात केला.

मुलांना शिकवताना मी हे प्रकरण आता द्विभाजनाच्या लगेच नंतर घेतो आणि टिपणाचा गोषवारा फळ्यावर लिहून एकच विचारतो: सल्लागार म्हणून तुम्ही याच्या वर काय लिहिलं असतं? बहुतेकजण अटींची भाषा कडक करायला बघतात. मला हवं असलेलं उत्तर वेगळं आहे: 'हा प्रश्न संसद अस्तित्वात नसताना विचारला गेला आहे' ही पहिली ओळ. ती लिहिली असती तर युआनने टिपण छापलंच नसतं.

गुडनाऊ १९२९ पर्यंत जॉन्स हॉपकिन्सचे अध्यक्ष राहिले, १९३९ मध्ये बाल्टिमोरला वारले. ज्या सत्तांतराची त्यांना एवढी धास्ती होती, ते युआनच्या मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी उपराष्ट्राध्यक्ष ली युआनहुंग यांनी पदभार घेऊन पार पडलं, गोळी न सुटता. महिनाअखेरीस १९१२ ची हंगामी घटना परत लागू झाली, १ ऑगस्टला संसद पुन्हा भरली. पण सिंहासनाच्या खटाटोपात प्रांतांनी हाती घेतलेल्या फौजा आता कोणाचं ऐकायला तयार नव्हत्या. पुढच्या वर्षी, जुलै १९१७ मध्ये, त्यांतल्याच एका सेनापतीने, चांग शुन याने, पेकिंगमध्ये घुसून क्रांतीत गादी गेलेल्या मांचू घराण्याच्या अकरा वर्षांच्या पूयीला पुन्हा गादीवर बसवलं. ती मूर्ती देव्हाऱ्यात बारा दिवस टिकली.